फी भरण्याआधी आणि भरल्यावर : कोडिंग बूटकॅम्पविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली सर्व पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत आणि त्यांचा विषय एकच आहे : तीन-चार महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवून नोकरीपर्यंत पोहोचवण्याचे आश्वासन देणारे बूटकॅम्प. ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून ऐरोली ते तुर्भे या पट्ट्यातील काचेच्या इमारती रोज पाहणाऱ्या माणसाला आपणही त्यांपैकी एखाद्या इमारतीत शिरावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून बी.कॉम. आहे. वागळे इस्टेटमधील एका लहान कंपनीत अकाउंट्स पाहते. टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे हे माझे रोजचे काम. महापे येथील सोळा आठवड्यांच्या पूर्णवेळ बूटकॅम्पला प्रवेश घेण्याचा विचार आहे. फी १,८०,००० रुपये अधिक जीएसटी. ‘कोडिंगची कसलीही पूर्वतयारी लागत नाही’ आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे त्यांचे म्हणणे आहे. फी ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर भरता येते. नोकरी सोडू का? घरचे घाबरले आहेत.
– एक वाचिका, कळवा

उत्तर : नोकरी आत्ताच सोडू नका. बूटकॅम्पचा विचार मात्र सोडण्याचे कारण नाही. फक्त क्रम बदला.

आधी तासांचा हिशेब करू, कारण हिशेब हा तुमचाच प्रांत आहे. सोळा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर एकूण ७६८ तास होतात. नोकरी सांभाळून तुम्ही पाच दिवस संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी पाच तास दिलेत, तर आठवड्याला १५ तास पदरात पडतील आणि तेवढीच बेरीज गाठायला ५१ आठवडे, म्हणजे जवळजवळ एक वर्ष लागेल. बूटकॅम्प मुख्यतः जे विकतो ते हेच : वर्षभराचे काम चार महिन्यांत बसवणारे वेळापत्रक, अडल्यावर विचारायला कोणीतरी जाणते माणूस आणि तुमच्यासारखेच अडखळणारे सोबती. यांची किंमत मी कमी लेखत नाही. घरी एकट्याने शिकायला बसलेले पुष्कळ लोक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थांबतात आणि त्याचे कारण बहुधा बुद्धी हे नसते.

शिकण्याची सामग्री मात्र आज फुकट मिळते. फ्रीकोडकॅम्प हे संकेतस्थळ २०१४ पासून वेब डेव्हलपमेंटचा पूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य देते. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा प्राथमिक अभ्यासक्रम कोणालाही घरबसल्या करता येतो आणि तो सी, पायथन आणि डेटाबेसमधील माहिती शोधण्याची एसक्यूएल अशा भाषांतून पायरीपायरीने पुढे नेतो. खाडीपलीकडे पवईत, आयआयटी मुंबईने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर काही धडे मराठी आवाजातही ऐकता येतात. त्यामुळे १,८०,००० रुपयांत नेमके काय विकत घेतो आहोत हे स्पष्ट असू द्या : अभ्यासक्रम नव्हे, वेग आणि सोबत.

‘पूर्वतयारी लागत नाही’ हे विधान प्रवेशापुरते खरे आहे. पहिल्या दोन आठवड्यांत व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन उरकतात, तिसऱ्या आठवड्यात वेबपृष्ठ हलू लागते आणि त्यानंतर वेबपृष्ठे बांधण्याची रिअॅक्टसारखी साधने येतात. ज्याला लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेण्याची रचना) हा शब्दच पहिल्या सोमवारी कळला, त्याला तो हाती बसायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस वर्ग थांबत नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने घरीच, नोकरी चालू ठेवून, पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एकाच भाषेचा पाया घाला आणि मग स्वतःची परीक्षा घ्या.

परीक्षेसाठी बाहेर शोधायला नको. तुमच्या टेबलावर दर महिन्याला जीएसटीआर-२बी आणि खरेदी रजिस्टर यांची जुळवणी होत असेल. एका बाजूला पुरवठादाराने भरलेली बिले, दुसऱ्या बाजूला तुम्ही नोंदलेली. रक्कम तीच, पण बिल क्रमांकात कुणी तिरकी रेघ घातलेली, कुणी आडवी, कुणी पुढची शून्ये गाळलेली, आणि त्यामुळे जुळणी फसलेली. दोन्ही याद्या वाचून, क्रमांकांतील ही विसंगती पुसून, जुळलेली आणि न जुळलेली बिले वेगळी काढणारा निवडलेल्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम कोणताही व्हिडिओ समोर न ठेवता तुम्हाला लिहिता येतो का, ते पाहा. कंपनीची खरी बिले त्यासाठी वापरू नका, बनावट चाळीस ओळी पुरतात. हे जमले आणि जमवताना रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळले नाही, तर बूटकॅम्पला जा. प्रत्येक एररनिशी जीव नकोसा झाला, तर दोन लाख रुपये वाचले असे समजा.

आता पैशांकडे वळू. जीएसटी १८ टक्के, म्हणजे ३२,४०० रुपये; एकूण २,१२,४००. अठरा महिन्यांचे हप्ते पाडले, तर दरमहा ११,८०० रुपये. ‘नो-कॉस्ट’ या शब्दाचा अर्थ व्याज नाही असा होत नाही. साधारणतः व्याजाचा भार संस्था उचलते आणि तेवढी रक्कम वजा करून कर्ज देणारी वित्तसंस्था तिला फी एकरकमी देते. यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. संस्थेला तिचे पैसे पहिल्याच आठवड्यात मिळालेले असतात आणि तुमचे देणे त्या वित्तसंस्थेशी जोडलेले असते. वर्ग निकृष्ट निघाला, शिक्षक बदलला किंवा तुम्हीच मध्ये सोडले, तरी हप्ता आपोआप थांबत नाही आणि तो चुकला तर नोंद तुमच्या सिबिल अहवालात होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार वित्तसंस्थेला कर्ज घेणाऱ्याच्या हाती ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावे लागते आणि सुरुवातीला एक छोटी मुदत अशी असते की तिच्या आत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ही मुदत किती दिवसांची आहे, ते सही करण्यापूर्वी त्या कागदावर बोट ठेवून वाचा. समुपदेशक म्हणवणारा विक्री प्रतिनिधी ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ म्हणून घाई करत असेल, तर सवलत जाऊ द्या. मूळ पदवी प्रमाणपत्र किंवा सही केलेले कोरे धनादेश कोणाकडेही ठेवू नका.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’विषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फसगत येथेच होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि त्यांत शंभर टक्के निवडीची किंवा नोकरीची हमी देणारे दावे निषिद्ध ठरवले. तेव्हा असा दावा जी संस्था छापील पत्रकावर करते, तिने नियम वाचलेले नाहीत किंवा वाचून बाजूला ठेवले आहेत. दोन्ही लक्षणे चांगली नव्हेत. (तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.)

हमी नसली तरी टक्केवारी असतेच, आणि ती वाचायची कशी हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळते. बूटकॅम्प हा प्रकारच तिकडचा. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये सुरू झालेली डेव्ह बूटकॅम्प ही या धंद्यातील पहिल्या काही संस्थांपैकी एक होती आणि ती २०१७ मध्ये बंदही झाली. नंतर गाजलेली लॅम्डा स्कूल, जिने पुढे ब्लूमटेक हे नाव घेतले, ‘आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या’ अशा करारावर चालत असे. तेथील ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये तिच्यावर कारवाई केली. जाहिरातींत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्याचे सांगितले जात होते, तर गुंतवणूकदारांना दाखवलेले आकडे ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. शिवाय ज्या कराराला ती कर्ज म्हणत नव्हती, ते कर्जच होते, असे त्या विभागाने म्हटले. आपल्याकडेही ‘प्लेसमेंटनंतर पैसे’ देण्याचे करार होतात. त्यांत किती पगारापासून वसुली सुरू होणार, पगाराचा किती भाग, किती महिने आणि जास्तीत जास्त किती रक्कम, ही चार उत्तरे लेखी नसतील तर सही करू नका.

टक्केवारी ऐकल्यावर पहिला प्रश्न छेदाचा विचारा. प्रवेश घेतलेल्या सर्वांपैकी की संस्थेने ‘पात्र’ ठरवलेल्यांपैकी? मध्येच सोडून गेलेले कुठे मोजले? तीन महिन्यांची इंटर्नशिप नोकरी धरली आहे का? संस्थेतच पुढच्या बॅचला मदतनीस म्हणून ठेवून घेतलेले विद्यार्थी त्या आकड्यात आहेत का? सर्वांत मोठे पॅकेज भिंतीवर लावलेले असते, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. बॅचमधल्या मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले ते विचारा आणि सहा महिन्यांपूर्वी बाहेर पडलेल्या बॅचमधील, संस्थेने न निवडलेल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला.

शेवटी, अकाउंट्सचा अनुभव मागे टाकून फ्रेशर म्हणून रांगेत उभे राहण्याची गरज नाही. ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी) प्रणाली बसवून देणाऱ्या, करविषयक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या किंवा त्याची चाचणी घेणाऱ्या कंपन्यांना डेबिट नोट म्हणजे काय हे जाणणारा आणि एसक्यूएल लिहू शकणारा माणूस हवा असतो, आणि असा माणूस त्यांना सहज सापडत नाही. हे काम शिकायला पूर्णवेळ बूटकॅम्पच लागतो असेही नाही. शनिवार-रविवारची बॅच मिळाली तर घरच्यांची भीतीही बरीच कमी होईल.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, शाळा मराठी माध्यमाची. ऐरोलीतील एका बूटकॅम्पचा हा माझा पाचवा आठवडा. वर्गात जावास्क्रिप्ट शिकवतात तेव्हा सगळे समजल्यासारखे वाटते, पण रात्री रिकाम्या स्क्रीनसमोर एक ओळ सुचत नाही. मग एआयकडून कोड लिहून घेऊन असाइनमेंट जमा करतो. बाकीचे पुढे गेले आहेत. माझे इंग्रजी कच्चे असल्यामुळे हे होते का? सोडून द्यावे का?
– एक वाचक, दिघा

उत्तर : दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून समजणे आणि स्वतः लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि पहिले दुसऱ्याच्या बरेच आधी येते. पाचव्या आठवड्यात तुम्ही या दोहोंच्या मधल्या जागेत आहात. ‘बाकीचे पुढे गेले’ असे तुम्ही म्हणता, त्यांतील काहींनी महाविद्यालयात सी किंवा जावा आधीच केलेले असणार. तुमची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही.

इंग्रजीचा दोष तुम्ही समजता तेवढा नाही. पायथनमध्ये राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत आणि जावास्क्रिप्टमध्येही ते काही डझनांपलीकडे जात नाहीत. ते एका संध्याकाळी पाठ होतात. इंग्रजी खऱ्या अर्थाने लागते ते एररचा संदेश वाचायला, आणि तेथे बहुतेक नवशिक्यांचे जे होते तेच तुमचेही होत असावे : लाल अक्षरे दिसली की ती न वाचताच ते कोडमध्ये काहीतरी बदलू लागतात. संदेशाचे तीन भाग असतात. चूक कोणत्या प्रकारची, नेमके काय घडले, आणि कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत. ‘टाइपएरर : कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’ हा संदेश तुम्ही एव्हाना अनेकदा पाहिला असेल. त्याचा अर्थ एवढाच की ज्या वस्तूचा गुणधर्म तुम्ही मागितला, ती वस्तू त्या क्षणी तेथे नव्हतीच. कारणे बहुधा दोन. एक तर नावात गफलत आहे, कारण जावास्क्रिप्टला लहान आणि मोठी लिपी वेगळी वाटते; किंवा माहिती सर्व्हरवरून यायची आहे आणि ती येईपर्यंत न थांबता प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर गेला आहे. खाली फाइलींची लांबलचक यादी असेल, तर त्यांतील स्वतः लिहिलेल्या फाइलीची पहिली ओळ शोधा आणि तिच्या अगोदर कन्सोल.लॉग लिहून त्या वस्तूत काय आहे ते छापून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रोग्रॅमरच्या दिवसाचा मोठा भाग यातच जातो.

रिकाम्या स्क्रीनचे दुखणे वेगळे आहे. तेथे तुम्ही दोन कामे एकदम करायला जाता : काय करायचे ते ठरवणे आणि ते जावास्क्रिप्टमध्ये मांडणे. यांना वेगळे करा. लॅपटॉप उघडण्यापूर्वी कागदावर, मराठीत, पायऱ्या लिहा : ‘यादीतला पहिला विद्यार्थी घे. त्याचे गुण ३५ पेक्षा कमी आहेत का ते बघ. असतील तर त्याचे नाव दुसऱ्या यादीत टाक. यादी संपेपर्यंत हेच कर.’ हे चार वाक्यांत नीट उतरले तर कोड त्याच क्रमाने उतरतो, आणि उतरत नसेल तर अडचण जावास्क्रिप्टची नसून विचार अजून पुरा झालेला नाही, हे लगेच कळते. मराठीत विचार करण्यात कमीपणा नाही. यंत्राला त्याची खबरही लागत नाही.

एआयविषयी उपदेश करण्याची माझी इच्छा नाही, कारण नोकरीत गेल्यावर ही साधने तुम्हाला वापरावीच लागतील. परंतु मुलाखतीत स्क्रीन शेअर करून तुमच्याकडून पंचवीस-तीस ओळी लिहून घेतल्या जातात आणि ‘ही ओळ येथे का आहे’ असे विचारले जाते. एआयने दिलेला कोड जमा करण्यापूर्वी हाच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. उत्तर येत नसेल ती ओळ काढून टाका आणि काय मोडते ते पाहा. शक्य तो ‘कोड लिहून दे’ असे न म्हणता ‘माझ्या कोडमध्ये चूक कुठे आहे याचा फक्त इशारा दे’ असे म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रोग्रॅम साधन बंद ठेवून पुन्हा लिहा.

तुमच्या असाइनमेंटमध्ये नसतील असे दोन लहान प्रयोग सुचवतो, कारण कुतूहल जागे झाल्याशिवाय पाचवा आठवडा ओलांडता येत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. यंत्र अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत, साठवते आणि दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा कधीच पुरा लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश पुरा लिहिता येत नाही. त्यामुळे पैशांचे हिशेब करणारे जाणते प्रोग्रॅमर रुपये अपूर्णांकात न ठेवता पैसे पूर्णांकात ठेवतात. दुसरा प्रयोग : ‘क्षितिज’ या नावाची लांबी जावास्क्रिप्टला विचारा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, उत्तर ७ येते, कारण युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी आणि ज असे सात वेगळे घटक साठवलेले असतात. नावासाठी वीस अक्षरांची मर्यादा घालणारा अर्ज मराठी नाव मध्येच कसा तोडतो, ते यावरून तुमच्या ध्यानात येईल. वर्गातील इंग्रजी माध्यमाच्या सोबत्यांना हे दाखवा. या एका बाबतीत तुम्ही त्यांच्या पुढे असाल.

सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी करारातील परताव्याची तारीख तपासा आणि पुढच्या बॅचमध्ये बदलून मिळते का, ते लेखी विचारा. पाच आठवडे पुन्हा पहिल्यापासून करणे मागे पडल्यासारखे वाटेल, परंतु दुसऱ्या खेपेला तेच धडे निम्म्या कष्टात होतात. आणखी एक वाट तुम्हाला अभियंता म्हणून मोकळी आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि मुंबईच्या सी-डॅकचे खारघरला केंद्र आहे. प्रवेश परीक्षा असल्यामुळे वर्गात बसणाऱ्यांची किमान तयारी सारखी असते, आणि नवशिक्याला वेगाचा त्रास होतो तो बहुतांशी ही तयारी विषम असल्यामुळेच.

प्रश्न : मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला. ‘डिग्रीत चार वर्षे घालवण्यापेक्षा बूटकॅम्प करून थेट कमवायला लागतो’ असे म्हणतो. मी स्वतः माथाडी कामगार म्हणून तुर्भे बाजारात आयुष्य काढले. मला यातले कळत नाही. त्याला अडवू का?
– एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : कोडिंग शिकण्यापासून अडवू नका, पदवी सोडण्यापासून जरूर अडवा. पदवीशिवाय चांगले प्रोग्रॅमर झालेले लोक आहेत, हे त्याचे म्हणणे खरे आहे. तथापि अनेक कंपन्यांच्या ऑनलाइन अर्जात पदवीचा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढेच सरकत नाही, आणि परदेशी कामाच्या व्हिसासाठीही पदवी बहुधा पाहिली जाते. बूटकॅम्पचे प्रमाणपत्र पदवीच्या जागी चालत नाही.

दोन्ही एकत्र करता येते, हे त्याला सांगा. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, चार आठवड्यांचे पात्रता-धडे आणि त्यावरची परीक्षा पार करावी लागते, आणि मध्ये थांबावे लागले तर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते. इग्नूचे बीसीए आहे. जवळच्या महाविद्यालयातील बीएस्सी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स हाही साधा आणि चांगला मार्ग आहे. सकाळचे कॉलेज असेल तर दुपार मोकळी मिळते. बूटकॅम्पचा हट्ट कायम राहिला, तर पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत तो करू द्या. तोपर्यंत त्याला स्वतःलाच बूटकॅम्पची गरज वाटेनाशी होण्याचा संभव आहे. कर्ज काढायची वेळ आली, तर ते तुमच्या नावावर सहकर्जदार म्हणून घेतले जाते आहे का, एवढे मात्र पाहा.

प्रश्न : बूटकॅम्पसाठी ९०,००० रुपयांचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा असे भाचा सांगतो. आवश्यक आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. वेब डेव्हलपमेंट शिकायला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप चालतो. १६ जीबी असल्यास निवांतपणा मिळतो. अँड्रॉइड अॅप बनवायचे असतील तरच १६ जीबीचा आग्रह धरा. उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घ्या.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी बूटकॅम्प पूर्ण केला. एमईआरएन स्टॅक (वेब डेव्हलपमेंटच्या चार साधनांचा संच) येतो, प्रमाणपत्र आहे, तीन प्रोजेक्ट आहेत (टू-डू लिस्ट, हवामानाचे अॅप, एका प्रसिद्ध ई-कॉमर्स साइटची नक्कल). शंभराहून अधिक अर्ज केले, दोनच मुलाखती झाल्या. कुठे कमी पडतो?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तुमच्या तीनही प्रोजेक्टमध्ये चूक नाही, परंतु तुमच्या बॅचमधील प्रत्येकाकडे हेच तीन आहेत आणि अर्ज चाळणाऱ्याने ते त्या आठवड्यात कितीतरी वेळा पाहिलेले आहेत. प्रमाणपत्राविषयीही तेच. बाजार मंद असला की आधी नवख्यांचीच भरती थांबते, हा भाग तुमच्या हातात नाही. तेव्हा हातात असलेल्या भागाकडे वळू.

ज्याला वापरणारा खरा माणूस आहे असा एक प्रोग्रॅम लिहा. घोडबंदर रोडवर राहता म्हणजे गृहनिर्माण संस्थेत राहत असण्याचा संभव आहे आणि तिथला मेंटेनन्सचा हिशेब कोणीतरी एक्सेलच्या जुनाट फाइलीत ठेवत असणार. तो हिशेब वेबवर आणा. काम वरून सोपे दिसते आणि आत शिरल्यावर त्यातले बारकावे कळतात. थकबाकीवर सरळ व्याज लावायचे, चक्रवाढ नाही, आणि आदर्श उपविधींनुसार त्याची वरची मर्यादा वर्षाला २१ टक्के अशी चालत आली आहे. पण संस्थेने ठराव करून कमी दर ठेवलेला असू शकतो आणि उद्या नियमही बदलू शकतो, म्हणून तो आकडा कोडच्या पोटात न गाडता सेटिंगमध्ये ठेवायला हवा. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर ना-वापर शुल्क लागते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. कोणी दोन महिन्यांचे पैसे एकदम भरतो, कोणी अर्धेच भरतो. मग आधी व्याज वळते करायचे की मुद्दल? सदनिका महिन्याच्या मध्यात विकली गेली तर बिल कोणाच्या नावे? सचिवांना पाहता येईल ते सर्व सभासदांना दिसावे का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सचिव किंवा खजिनदाराशी बोलून मिळवावे लागते, आणि ते मिळवून प्रोग्रॅममध्ये उतरवणे हेच कंपनीतले काम आहे. मुलाखत घेणाऱ्याला याविषयी अर्धा तास विचारता येईल आणि तुम्हाला अर्धा तास बोलता येईल. टू-डू लिस्टवर दोन मिनिटांत दोघेही गप्प होतात.

कोड गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) ठेवताना तो एका रात्रीत एकदम चढवू नका, रोजचे बदल रोज नोंदवा, कारण पाहणारा बदलांचा इतिहास उघडून पाहतो. सभासदांची खरी नावे आणि फोन क्रमांक त्यात चुकूनही जाऊ देऊ नका. सोबतच्या रीडमी फाइलीत हा प्रोग्रॅम कोणासाठी आहे, व्याजाचा हिशेब कसा केला आणि कोणती गोष्ट अजून जमलेली नाही, हे साध्या इंग्रजीत लिहा. व्याजाच्या हिशेबासाठी पाच-दहा चाचण्याही लिहा, ज्यांत शून्य थकबाकी, लीप वर्षातील फेब्रुवारी आणि अर्धवट भरणा हे प्रसंग असतील. चाचण्या लिहिलेला फ्रेशर दुर्मीळ असतो.

अर्ज फक्त ‘फुल-स्टॅक डेव्हलपर’ या पदासाठी करत असाल, तर तेथे गर्दी सर्वांत जास्त आहे. टेस्टिंग, प्रॉडक्शन सपोर्ट आणि इम्प्लिमेंटेशन या पदांसाठीही करा. ऐरोली-महापे पट्ट्यात ही कामे भरपूर चालतात. सपोर्टमध्ये रात्रपाळी असते, हे आधी विचारून घ्या. तेथे वर्षभरात लॉग (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी) वाचणे, डेटाबेसमध्ये शोध घेणे आणि दुसऱ्याच्या कोडमधील चूक शोधणे हाती बसते आणि आतून डेव्हलपमेंटकडे सरकणे बाहेरून शिरण्यापेक्षा सोपे जाते. बायोडेटात या सोसायटीच्या प्रोग्रॅमचा दुवा नावाच्या लगेच खाली द्या, त्याखाली तुम्ही सोडवलेल्या अडचणी दोन ओळींत लिहा, आणि बूटकॅम्पचे प्रमाणपत्र शिक्षणाच्या रकान्यात, पदवीच्या खाली, एका ओळीत ठेवा.